एमिल बोदो

झाँ-मोरिस-एमिल बोदो (जन्म : मान्यो, फ्रान्स, ११ सप्टेंबर, इ.स. १८४५, मृत्यू : सो, फ्रान्स, २८ मार्च, इ.स. १९०३) हे फ्रेंच तारखात्यातील अभियंते आणि संशोधक होते. प्रत्येक अक्षरासाठी सारख्या लांबीचे पाच संकेत वापरणारी आणि एकाच तारेवरून अनेक कारकुनांचे संदेश एकाच वेळी नेणारी छापील तारयंत्राची पद्धती त्यांनी तयार केली. संकेतांचा वेग मोजण्याच्या ‘बॉड’ या एककाला त्यांचेच नाव दिलेले आहे. टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी जोडून देणाऱ्या मोडेमच्या खोक्यांवर हा शब्द वर्षानुवर्षे छापला जात होता. मात्र तो एका माणसाच्या नावावरून आला आहे, हे तो मोडेम विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असे.

== बालपण आणि शिक्षण ==

बोदो यांचा जन्म फ्रान्सच्या ईशान्य भागातील ओत-मार्न या प्रांतातील मान्यो नावाच्या लहान गावी झाला. वडील शेतकरी होते. पुढे ते गावाचे नगराध्यक्षही झाले. एमिल यांचे शालेय शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपुरतेच झाले. त्यानंतर ते वडिलांबरोबर शेतीत राबले. गणित किंवा विद्युत्‌शास्त्र यांचे रीतसर उच्च शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. ज्या काळात फ्रान्समधील अभियंते पॅरिसच्या नामांकित संस्थांतून बाहेर पडत, त्या काळात एका शेतकऱ्याच्या मुलाने तारखात्याची कार्यपद्धती बदलून टाकली, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

काळाची कल्पना यावी म्हणून एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. बोदो यांच्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, पनवेलजवळील शिरढोण येथे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. दोघांनीही तरुणपणी सरकारी नोकरी धरली. फडके पुण्याच्या लष्करी हिशेब कार्यालयात गेले, तर बोदो तारखात्यात. दोघे नऊ वर्षांचे असताना, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबई शहर आग्ऱ्यामार्गे कलकत्त्याशी तारेने जोडले गेले होते. म्हणजे या पिढीच्या डोळ्यांदेखत जगभर तारांचे जाळे पसरले. आणि त्या जाळ्याची कोंडीही याच पिढीने अनुभवली.

== तारखात्यातील नोकरी ==

१८६९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बोदो फ्रान्सच्या टपाल व तारखात्यात शिकाऊ कारकून म्हणून रुजू झाले. त्यांना पॅरिसला पाठवून ह्यूज यांच्या तारयंत्राचे चार महिन्यांचे शिक्षण देण्यात आले. पुढे त्यांनी दिजाँ आणि पॅरिस येथे काम केले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच त्यांची प्रकृती बिघडली. त्यांना वारंवार रजा घ्यावी लागे आणि हे दुखणे जन्मभर त्यांच्या पाठीस लागले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा त्यांनी सैन्यातही सेवा बजावली. युद्धानंतर पॅरिसच्या तारघरात परत आल्यावर, १८७२ पासून, त्यांच्या संशोधनाला खरी सुरुवात झाली.

खात्याने त्यांच्या प्रयोगांना मनाई केली नाही. पण हे काम त्यांनी स्वतःच्या फावल्या वेळात करावे, असे ठरले. दिवसा तारघरातील कामे आणि उरलेल्या वेळात यंत्राची जुळवाजुळव, तीही नाजूक प्रकृतीच्या माणसाने, अशी ही काही वर्षे गेली.

== शोधाची पार्श्वभूमी ==

त्या वेळी तारखात्यांपुढे मोठा प्रश्न खर्चाचा होता. शेकडो मैलांची तार ओढायला प्रचंड पैसा लागे, आणि ती तार बहुतेक वेळ रिकामीच पडून राही. विजेचा संकेत क्षणात पलीकडे पोचतो. वेळ लागतो तो माणसाच्या हाताला. कारकून दुसरे अक्षर शोधत असताना तारेवर काहीच चाललेले नसते.

मोर्स यांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराची लांबी निराळी असते. एखादे अक्षर एका ठिपक्यात संपते, तर दुसऱ्याला तीन-चार ठिपके आणि रेघा लागतात. कड-कट्ट असा आवाज ऐकून अक्षर ओळखणारा तरबेज माणूस पलीकडे बसलेला असावा लागे. ह्यूज यांच्या यंत्राने ही अडचण दूर केली. त्याला पियानोसारख्या पट्ट्या होत्या आणि पलीकडे थेट अक्षर छापून येई. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांची अक्षरचक्रे अचूक एकाच वेगाने फिरावी लागत आणि एक कारकून संपूर्ण तार अडवून बसे. बेर्नार मेयर या फ्रेंच तंत्रज्ञाने १८७१ च्या सुमारास तिसरा मार्ग काढला. त्यांनी फिरत्या चक्राच्या साहाय्याने तारेचा वेळ चार कारकुनांत वाटून दिला. पण अक्षरे मोर्सचीच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सर्वांत लांब अक्षराएवढा वेळ राखून ठेवावा लागे आणि लहान अक्षर आले की तो वेळ वाया जाई.

बोदो यांनी या सर्वांचे मर्म ओळखले. वेळ समान वाटायचा असेल, तर अक्षरेही समान लांबीची हवीत. पाच संकेतांची वर्णमाला गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी पूर्वीच सुचवलेली होती. ह्यूज यांच्याकडून छपाई, मेयर यांच्याकडून वेळेची वाटणी आणि ही पाच संकेतांची वर्णमाला, अशा तीन धाग्यांतून बोदो यांनी एक वस्त्र विणले. यातील एकही धागा सर्वस्वी त्यांचा नव्हता, असे म्हणता येईल. पण या तिन्हींचा मेळ त्यांच्याआधी कोणाला यशस्वीपणे घालता आला नव्हता.

== बोदो पद्धती ==

१७ जून १८७४ रोजी बोदो यांनी आपल्या जलद तारपद्धतीचे एकस्व घेतले. या पद्धतीत कारकुनासमोर फक्त पाच कळा असत. उजव्या हातासाठी तीन आणि डाव्या हातासाठी दोन. प्रत्येक कळ एकतर दाबलेली किंवा सोडलेली, अशा दोनच स्थिती असल्यामुळे पाच कळांचे ३२ मेळ होतात. रोमन लिपीच्या २६ अक्षरांना ते पुरतात. अंक आणि विरामचिन्हे मात्र त्यात मावत नाहीत. म्हणून बोदो यांनी एक खास संकेत ठेवला. तो आला की त्यापुढील मेळ अंक म्हणून छापायचे. दुसरा खास संकेत आला की पुन्हा अक्षरांकडे वळायचे. यात एक धोका होता. तारेवरील गडबडीत हा एक संकेत हरवला, तर पुढचा चांगला मजकूर आकड्यांच्या रूपाने छापून येई.

पद्धतीचे हृदय म्हणजे तिचा वितरक. चकतीवर धातूचे तुकडे वर्तुळाकार बसवलेले असत आणि त्यांच्यावरून एक कुंचला फिरत असे. एका फेरीत तो पहिल्या कारकुनाच्या पाच कळांना स्पर्श करी, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पलीकडच्या गावी असाच दुसरा वितरक फिरत असे आणि येणारे संकेत त्याच क्रमाने ज्याच्या त्याच्या छपाईयंत्राकडे वाटून देई. कारकुनाला वाटे की तार आपल्या एकट्याच्याच मालकीची आहे.

हे सारे जुळून यायचे, तर दोन टोकांमध्ये आधीच काही गोष्टींवर एकमत असावे लागे. कोणत्या मेळाचा अर्थ कोणते अक्षर, हे दोन्हीकडे सारखेच हवे. दोन्ही कुंचले एकाच वेगाने फिरायला हवेत आणि फेरी एकाच क्षणी सुरू व्हायला हवी. दोन यंत्रे कितीही काळजीने बनवली, तरी त्यांच्या वेगात थोडाफार फरक पडतोच. तो साचत गेला, की पहिल्या कारकुनाचे अक्षर दुसऱ्याच्या कागदावर उमटू लागते. म्हणून एका टोकाचे यंत्र दुसऱ्याला नियमितपणे सुधारणेचा संकेत पाठवी आणि त्याला आपल्या चालीवर आणून ठेवी. एक यंत्र पुढारी, दुसरे अनुयायी, असा हा करार होता. कोणाचे यंत्र अधिक वेगवान, या प्रश्नाला येथे अर्थ नव्हता. दोघांना मिळून जो वेग साधेल, तोच त्या तारेचा वेग.

या करारात माणसालाही सामील व्हावे लागे. वितरक साधारणपणे मिनिटाला १८० फेऱ्या घेई; म्हणजे प्रत्येक कारकुनाला सेकंदाला तीन अक्षरे, ठरलेल्या ठेक्यातच पाठवावी लागत. आपली पाळी झाली की यंत्रातून ठेक्याचा लहानसा आवाज येई. त्यासरशी पुढचे अक्षर दाबायचे, लवकर नाही आणि उशिराही नाही. तबल्याच्या ठेक्यावर गायकाने सम गाठावी, तसा हा प्रकार होता. हे कौशल्य अंगी येण्यास बराच सराव लागे आणि तास-न्-तास त्याच लयीत बोटे चालवणे थकवणारे असे. यंत्राची गती वाढली, पण तिचा भार बोटांवर आला, ही या पद्धतीची उणीव मान्य करावी लागते. बोदो स्वतः तारघरात बसून काम केलेले असल्याने त्यांना तिची जाणीव होती. पुढे १८९७ च्या सुमारास संदेश आधी कागदी फितीवर छिद्रे पाडून तयार ठेवण्याची सोय झाली. मग ती फीत यंत्राच्या चालीने आपोआप तारेवर जाऊ लागली आणि कारकुनाची त्या ठेक्यातून सुटका झाली.

== मान्यता आणि प्रसार ==

१२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस-बोर्दो मार्गावर या पद्धतीची प्रत्यक्ष तारेवर चाचणी झाली. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे १,७०० किलोमीटर लांबीच्या पॅरिस-रोम मार्गावरही ती चालू झाली. १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात बोदो यांना सुवर्णपदक मिळाले आणि त्यांचे नाव फ्रान्सबाहेर पोचले. खात्यातही त्यांची बढती झाली. १८८० मध्ये ते नियंत्रक आणि १८८२ मध्ये निरीक्षक-अभियंता झाले. १८८७ मध्ये अटलांटिक महासागराखालील तारेवरही त्यांच्या पद्धतीच्या यशस्वी चाचण्या झाल्या. १८९४ मध्ये पॅरिस आणि मिलान येथील शेअर बाजार तिच्या साहाय्याने एकमेकांशी जोडले गेले. इटली, नेदरलँड्स, जर्मनी, रशिया इत्यादी देशांच्या तारखात्यांनी क्रमाक्रमाने ही पद्धती स्वीकारली. एका देशाने ती घेतली, की त्याच्याशी तारेने बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही ती घेणे सोयीचे होई.

== मिमो यांच्याशी वाद ==

बोदो यांच्या यशावर एका दुःखद प्रकरणाची छाया आहे. लुई मिमो या फ्रेंच संशोधकाने १८७४ मध्येच पाच संकेतांवर आधारलेले तारयंत्र तयार केले होते. सुरुवातीला त्यासाठी पाच निरनिराळ्या तारा लागत. तारखात्याने ते नाकारल्यावर मिमो यांनी त्यात मेयर यांच्या पद्धतीप्रमाणे वेळेची वाटणी आणली. तेही नाकारले गेले. बोदो यांचे एकस्व मात्र त्याच्या काही आठवडेच आधीचे होते.

पहिला हक्क आपला, असे म्हणून मिमो यांनी १८७७ मध्ये दावा लावला. पॅरिसच्या न्यायालयाने तज्ज्ञांचे मत घेऊन प्रथम मिमो यांच्या बाजूने कौल दिला आणि बोदो यांच्या कामास त्यावरील सुधारणा ठरवले. या निर्णयाने दोघांचेही समाधान झाले नाही. पुढे तो निर्णय रद्द झाला आणि सारा खर्च मिमो यांच्यावर पडला. त्यानंतर मिमो यांचा तोल ढळत गेला. एकस्वाची मुदत वाढवावी, एक लाख फ्रँक द्यावेत आणि राष्ट्रीय सन्मान मिळावा, अशा मागण्या त्यांनी सरकारकडे केल्या. तारखात्यातील संशोधनाचे प्रमुख झ्यूल रेनो यांच्या नेतृत्वाखालील समितीने त्या फेटाळल्या. तेव्हा मिमो यांनी रेनो यांच्यावर गोळी झाडून त्यांचा खून केला. मिमो यांना दहा वर्षांची सक्तमजुरी आणि त्यानंतर वीस वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा झाली.

या प्रकरणात बोदो यांचा व्यक्तिशः दोष दिसत नाही. तरीही एकाच कल्पनेपर्यंत एकाच वर्षी पोचलेल्या दोन माणसांपैकी एकाचे नाव एकक होऊन राहावे आणि दुसऱ्याचे नाव खुनाच्या खटल्यात उरावे, हे वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. पाच संकेतांच्या कल्पनेचे श्रेय देताना मिमो यांचाही उल्लेख करणे न्याय्य ठरते.

== वैयक्तिक जीवन आणि मृत्यू ==

बोदो यांचा विवाह १५ जानेवारी १८९० रोजी झाला. ते त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचे होते. अवघ्या तीन महिन्यांत, ९ एप्रिल १८९० रोजी, त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस, व्हान आणि लोरियाँ ही तीन ठिकाणे एकाच तारेवर जोडून चालवण्यात बोदो यांना यश आले. प्रकृतीची कुरकुर चालू असतानाच ते अखेरपर्यंत यंत्रात सुधारणा करीत राहिले. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळील सो येथे, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

== भारतातील वापर ==

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय तारखात्यानेही मोठ्या शहरांमधील वर्दळीच्या मार्गांवर बोदो यंत्रे बसवली. लहान तारघरांत मात्र मोर्सची कळ दीर्घकाळ टिकून राहिली. दरम्यान डॉनल्ड मरे या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाने १९०१ च्या सुमारास बोदो यांच्या संकेतांची नवी मांडणी केली आणि पाच कळांच्या जागी टंकलेखन यंत्रासारख्या कळा आणल्या. दूरमुद्रक आणि टेलेक्स यांची वर्णमाला याच मांडणीतून निघाली. टेलेक्सचा प्रमाणित वेग ५० बॉड होता.

३२ मेळांच्या मर्यादेचा फटका मराठीसारख्या भाषांना बसला. स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा संसार त्या चौकटीत मांडणे अवघड होते. त्यामुळे महाराष्ट्रातील घरांत जन्ममृत्यूच्या आणि लग्नकार्याच्या तारा पिढ्यान्‌पिढ्या बहुधा इंग्रजीत, रोमन अक्षरांतच येत राहिल्या. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

== बॉड हे एकक ==

१९२६ मध्ये तारविषयक आंतरराष्ट्रीय समितीच्या बैठकीत संकेतवेगाच्या एककाला बोदो यांचे नाव देण्याचा प्रस्ताव आला आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. तारेवरील संकेताची स्थिती एका सेकंदात जितक्या वेळा बदलू शकते, तितके बॉड. बोदो यांच्या यंत्रात प्रत्येक संकेत म्हणजे एक होय किंवा एक नाही, म्हणजेच आजच्या भाषेत एक बिट. त्यामुळे त्यांच्या काळी बॉड आणि बिट प्रतिसेकंद ही दोन्ही मापे एकच होती.

मोडेमच्या काळात ती वेगळी झाली. टेलिफोनची वाहिनी माणसाच्या आवाजासाठी बांधलेली असते आणि सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढेच कंपन ती नेते. तिच्यावर संकेतांचे बदल मनमानेल तितके वाढवता येत नाहीत. म्हणून अभियंत्यांनी एकेका बदलातच अधिक माहिती भरली. व्ही.२१ या जुन्या मानकात ३०० बॉड म्हणजे ३०० बिट प्रतिसेकंदच होते. व्ही.२२बिसमध्ये ६०० बॉडवर प्रत्येक बदलात चार बिट बसवून २,४०० बिट साधले, तर व्ही.३२ मध्ये २,४०० बॉडवर ९,६०० बिट. तरीही दुकानांत आणि जाहिरातींत ९,६०० बॉडचा मोडेम असे सर्रास म्हटले जाई. ही चूक इतकी रुळली, की बरोबर बोलणाराच चुकतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटे.

== मोडेमची निवड आणि बोदो यांचा वारसा ==

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सुरू केली. त्या काळात घरच्या संगणकावरून टेलिफोन फिरवून दूरच्या जाळ्यात शिरण्यासाठी मोडेमच लागे. समजा, पनवेलमधील एखाद्या कार्यालयाला मुंबईच्या मुख्य कचेरीतील संगणक वापरायचा आहे. पनवेलला ३३,६०० बिट प्रतिसेकंदाचा नवा व्ही.३४ मोडेम आणला, पण मुंबईच्या टोकाला १४,४०० चा व्ही.३२बिस असेल, तर जोडणी १४,४०० च्या वर जात नाही. जोडणीच्या आरंभी ऐकू येणाऱ्या शिट्ट्या आणि खरखर म्हणजे दोन मोडेमनी एकमेकांना विचारून दोघांनाही येणारे मानक ठरवणे होय. तार खराब असेल, तर ते त्याहूनही खाली उतरतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात तारांच्या सांध्यांत पाणी शिरले, की हा अनुभव हमखास येई. म्हणून अशा खरेदीत दोन्ही टोकांचे मोडेम एका मानकाचे आणि शक्यतो एकाच बनावटीचे घेणे हितावह ठरे. चुका सुधारण्याचे व्ही.४२ आणि मजकूर आटोपशीर करण्याचे व्ही.४२बिस ही मानकेही दोन्हीकडे असतील, तरच उपयोगी पडत.

१९९७ मध्ये याच मुद्द्यावर ग्राहकांची मोठी फजिती झाली. ५६ किलोबिट वेगाच्या दोन पद्धती, एक्स२ आणि के५६फ्लेक्स, बाजारात एकाच वेळी आल्या आणि त्या एकमेकींशी बोलेनात. सेवा देणाऱ्याने एक निवडली आणि ग्राहकाने दुसरी घेतली, तर महागडा मोडेम जुन्या वेगानेच चाले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने व्ही.९० हे मानक ठरवले, तेव्हा हा घोळ मिटला. त्यातही संपूर्ण वेग मिळण्यासाठी सेवा देणाऱ्याचे टोक थेट अंकीय वाहिनीवर असावे लागे. दोन घरांतील दोन ५६ किलोबिटचे मोडेम एकमेकांना जोडले, तर ते ३३,६०० वरच थांबत.